मावशीचं ‘सोड!’

मावशीचा आवाज असा, की हॉलच्या या टोकाला ती नुसती शिंकली तरी त्या टोकाला अरुंद फळीवर तोल सांभाळत उभी असलेली पोर दचकून खाली यायची. शिकणाऱ्या मुली पाठीमागे तिला ‘भोंगा’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

तिची सख्खी भाची तिच्याकडेच जिम्नॅस्टिक्स शिकायची. हॉलमध्ये ‘मॅडम’ म्हणायला लावून पाहिलं, पण ते काही पोरीच्या तोंडी बसेना. बारवर मात्र ती अशी झुलायची की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. उंच आडव्या बारभोवती मोठा झोका घ्यायचा, हात सोडायचे, बारच्या वर हवेत कोलांटी मारायची आणि खाली येताना तोच बार पुन्हा पकडायचा. सगळी मेख सोडण्यात. जरा लवकर सुटलं तर बार हाती लागत नाही, जरा उशीर झाला तर तोंडावर येतो. तो क्षण मावशीला बारच्या करकरीवरूनही कळायचा. ती खालून ओरडायची, “सोड!” आणि पोर सोडायची.

इथेच गाडं अडत होतं. स्पर्धेत प्रशिक्षकाला बारखाली उभं राहता येतं, पण तोंड उघडलं की मार्क कापतात. गेल्या वर्षी अंतिम फेरीत मावशीने ओठ मिटले, तर पोर सोडेचना; नुसते झोके घेत राहिली. शेवटी न राहवून मावशी ओरडली आणि हातातोंडाशी आलेलं पदक गेलं.

“यंदा तोंडाला कुलूप लावशील ना गं?” पोरीच्या आईने विचारलं.

“मी लावीन. तुझ्या लेकीचं काय?”

मग मावशीने एक चोरटा उद्योग आरंभला. सरावात ती ‘सोड’ रोज केसभर उशिरा म्हणू लागली. पोरीला पत्ता लागू दिला नाही. बारवर विचार करत बसलेलं माणूस पडतंच. पोर सुरुवातीला अडखळली, एकदा गादीवर उताणी पडली. “मावशी, झोपलीस का?” म्हणून तणतणली. मावशी दुसऱ्या दिवशी आणखी केसभर उशिरा ओरडली. पुढे पुढे पोर हवेत गेल्यावर ‘सोड’ यायला लागलं, वरातीमागून घोडं यावं तसं. पोरीच्या ते ध्यानातही आलं नाही.

यंदाच्या अंतिम फेरीत मावशी ओठ घट्ट मिटून बारखाली उभी राहिली. झोका. आणखी एक झोका. आणि पोर सुटली! गुडघे पोटाशी, डोकं खाली, आणि दोन्ही हात बारवर पक्के. इतकं देखणं तिने कधीच केलं नव्हतं. उतरली तीही पाय रोवून, जराही न हलता. मावशीचे डोळे भरून आले.

पोर मात्र धावत आली ती रागाने लाल होऊन. “पुन्हा ओरडलीस! घालवलंस ना यंदाही?”

“अगं, चकार शब्द काढला नाही मी.”

“खोटं नको बोलूस. मी ऐकलं!”

तेवढ्यात फलकावर मार्क लागले. ओरडण्याबद्दल काहीच कापलं नव्हतं. पोर पहिली आली होती. ती फलकाकडे बघत राहिली, मग मावशीकडे.

“म्हणजे आता तुला मी लागत नाही,” मावशी म्हणाली. आनंद पोटात मावत नव्हता, तरी आवाज एकदम खाली आला होता.

पोरीने पकडीसाठी लावलेल्या खडूच्या पुडीने पांढऱ्या झालेल्या हातांनी तिचा दंड घट्ट धरला.

“असं बोलू नकोस हं. तू खाली नसलीस तर मला ऐकू कसं येईल?”