डाव्या अंगाचं पोर्ट

कॉमासाहेब हे काही कुठल्या कचेरीतले साहेब नव्हेत. घरातल्या आतल्या खोलीत बसून ते लोकांच्या मजकुराची अक्षरजुळणी करतात. पुस्तकं, अहवाल, पत्रकं, येईल ते. दुसऱ्याच्या वाक्यात स्वल्पविराम कमी पडला की त्यांना घास गिळवत नाही, म्हणून छापखान्यातल्या कुणीतरी हे नाव ठेवलं आणि खऱ्या नावापेक्षा तेच टिकलं. बोलतानाही ते मधेमधे थांबतात. गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून जरा जास्तच थांबतात.

त्यांची बायको एका लॅबमध्ये रक्त काढायला असते. तिथे बाईंना सगळे सुईताई म्हणतात. भल्याभल्यांना सापडत नाही अशी शीर सुईताईंना सापडते, असा लौकिक आहे. नवऱ्याच्या मनातलं मात्र इतक्या वर्षांत नीट सापडलं नाही, असं त्या स्वतःच सांगतात.

झटक्याने कॉमासाहेबांचा डावा पाय आधी रुसला आणि मग निम्मा रुसवा सोडून काठीच्या आधाराने चालायला लागला. डावा हात मात्र कोपराखाली रुसला तो रुसलाच. एरवी जुळणीचं काम म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. आता सगळा भार उजव्यावर आला. तरी माणूस जिद्दीचा. एका हाताने टाइप करायची सवय केली आणि हळूहळू जुनी कामं परत यायला लागली.

अडलं ते परीक्षा विभागाच्या कामापाशी.

प्रश्नपत्रिकांची जुळणी हे कॉमासाहेबांच्या लेखी खरं काम. बाकीचं म्हणजे नुसती हमाली. त्या कामाचा रिवाज ठरलेला होता. विभागाचा शिपाई सीलबंद लिफाफा आणतो. आत पेनड्राइव्ह असतो. जुळणी करणाऱ्याने खोलीचं दार लावून एकट्याने सील फोडायचं, एकट्याने काम करायचं आणि पेनड्राइव्ह पुन्हा लिफाफ्यात घालून बाहेर द्यायचा. काम चालू असताना खोलीत दुसरं माणूस दिसलं, मग ते बायको असो की मांजर, काम कायमचं बंद. लॅपटॉपला इंटरनेट नको, आणि पेनड्राइव्ह थेट पोर्टातच लावायचा. मधे वायर नको की जोडणी नको. कॉमासाहेबांनी हे नियम इतकी वर्षं असे पाळले होते की एकदा घराला रंग देणारे परांचीवरून खिडकीसमोर आले, तर यांनी जाऊन त्यांची परांचीच हलवायला लावली होती.

परीक्षा विभागातून फोन आला. तब्येतीची चौकशी झाली आणि मग विचारणा, "एकट्याने जमणार असेल तरच पाठवतो. जमेल ना?"

"जमेल," कॉमासाहेब म्हणाले. एकही कॉमा न घेता.

फोन ठेवल्यावर त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं. लॅपटॉपची सगळी पोर्टं डावीकडे होती.

"आधी लावून तरी बघा," सुईताई म्हणाल्या.

कॉमासाहेबांनी उजव्या हातात पेनड्राइव्ह धरला, हात छातीवरून डावीकडे नेला, मान वाकडी केली, खांदा वाकडा केला, तोंडही वाकडं केलं. पोर्ट काही दिसेना. पेनड्राइव्हची जात तर सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्यांदा उलटा बसतो. फिरवला तरी उलटा. पुन्हा फिरवला की सरळ, म्हणजे जो पहिल्यांदा होता तोच. दोन हातांच्या माणसाला तो एवढा छळतो, तर इथे आंधळी कोशिंबीर चाललेली. जोर लावताच लॅपटॉप टेबलावरून सरकत कडेला गेला. सुईताईंनी तो झेलला आणि पेनड्राइव्ह लावून मोकळ्या झाल्या.

"छान," कॉमासाहेब म्हणाले. "आता विभागाला कळवतो, प्रश्नपत्रिका एकदम गुप्त आहे, फक्त माझ्या बायकोने पाहिलीय."

"मी डोळे मिटून लावीन."

"आणि कान?"

"कानांनी प्रश्नपत्रिका कशी वाचतात हो?"

कॉमासाहेब हसले नाहीत. तेव्हा सुईताईंना कळलं की प्रकरण साधं नाही. हॉस्पिटलातून आल्यापासून हा माणूस दाढी, जेवण, सदऱ्याची बटणं, सगळ्याला कुरकुरत का होईना, पण मदत घेत आला होता. ही मदत त्याला घेताच येणार नव्हती. आणि हे काम गेलं असतं, तर तो पुन्हा खिडकीत बसून रस्त्यावरच्या पाट्यांतल्या चुका काढत राहिला असता. मधले काही महिने त्याने तेच केलं होतं. तेव्हा घरात दुसरा विषयच नसायचा.

सुईताईंनी भावाला फोन केला.

भाऊ मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. जगातल्या कुठल्याही अडचणीचा विचार तो स्टिअरिंगवर बसूनच करतो. दुसऱ्या दिवशी तो स्कूलच्या ऑफिसातला नवा लॅपटॉप काखेत मारून हजर झाला.

"भाऊजी, सोपं आहे. गिअर चांगल्या हाताकडे हवा. हे बघा, या गाडीची सगळी पोर्टं उजवीकडे."

"ही गाडी नाही."

"समजा ना हो!"

त्याने स्वतःचा पेनड्राइव्ह काढून दिला. त्यात वाहतुकीच्या चिन्हांची सराव परीक्षा होती. कॉमासाहेबांनी तो लावला. पहिल्याच झटक्यात, तोही सरळ. भावाने टाळी वाजवली. सुईताईंनी चहा टाकला. कॉमासाहेब माउस धरून पान लावायला बसले. मधे वळणाच्या चिन्हाची आकृती बसवायची म्हणून माउस डावीकडे ओढला आणि कडकन आवाज झाला.

पेनड्राइव्हचं धड टेबलावर आणि डोकं पोर्टात. माउसचा हात जिथून फिरतो, नेमका तिथेच पेनड्राइव्ह पोर्टाबाहेर आला होता.

भाऊ वाकून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "शिकाऊ असताना असं होतं."

"मी शिकाऊ नाही."

"तुम्ही नाही हो. मी लॅपटॉपला म्हणालो."

मोडकं पोर्ट बघत चहा घेताना, पोर्ट असावं तरी कुठे यावर तिघांची चर्चा झाली. भावाचं मत पडलं की मोटारवाल्यांनाही हे अजून ठरवता आलेलं नाही. पेट्रोलचं झाकण कुणाचं डावीकडे, कुणाचं उजवीकडे, म्हणून पंपावर अर्धी माणसं भलत्या बाजूला गाडी लावून नळी ताणत बसतात. कॉमासाहेब म्हणाले, पोर्टं मागे हवीत, पूर्वीच्या कॉम्प्युटरला असायची तशी, वायरी नजरेआड आणि टेबल मोकळं. "मागे असती तर तुम्ही लॅपटॉपला प्रदक्षिणा घालत बसला असता," सुईताई म्हणाल्या. मग भाऊ म्हणाला, "दोन्ही बाजूंना द्यावीत, भांडण नको." त्यावर कॉमासाहेब म्हणाले, "हे, बनवणाऱ्याला सांग. माझा लिफाफा, सोमवारी येतोय."

भाऊ डोकं नसलेला पेनड्राइव्ह आणि डोकं असलेला लॅपटॉप घेऊन गेला.

शनिवारी सुईताई ड्यूटीवर होत्या. खुर्चीत एक सुतार येऊन बसला. सुईताई काही बोलायच्या आत त्याने डावा हात पुढे केला. "ताई, यातून घ्या. उजव्याने काम असतं."

हे वाक्य सुईताईंनी आयुष्यभर ऐकलं होतं. शिंपी, स्वयंपाकी, मास्तर, जो येतो तो बिनकामाचा हात पुढे करतो. सुई तिथे टोचायची असते. त्यांनी सुताराचं रक्त घेतलं, कापूस दाबून धरायला सांगितला, आणि पुढच्या माणसाला बोलवायच्या ऐवजी क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. म्हणजे पोर्ट चुकीच्या बाजूला नव्हतंच. डावीकडे होतं तेच बरं होतं. तिथे माउस जात नाही, कोपर लागत नाही, पेनड्राइव्ह दिवसभर सुखाने राहतो. अडचण एवढीच, की शीर त्या अंगाला असताना आपण पलीकडून वाकून टोचत होतो. लॅबमध्ये असं कोण करतं? आपण स्टूल घेऊन त्या बाजूला जातो.

घरी आल्या आणि पर्स खांद्यावर असतानाच म्हणाल्या, "टेबल हलवायचंय."

"कुठे?"

"भिंतीपासून लांब. खोलीच्या मधे. तुम्ही उठून डाव्या बाजूला जायचं, तिथे स्टूलवर बसायचं. पोर्ट तुमच्या समोर आणि तुमच्या उजव्या हाताशी. लावायचं, उठायचं, परत खुर्चीत यायचं. लॅपटॉप फिरवायला जायचं नाही, एका हाताने फिरवताना तो पुन्हा कडेला जाईल."

कॉमासाहेबांनी भिंतीला चिकटलेल्या टेबलाकडे पाहिलं. "हे टेबल, लग्नाआधीपासून, तिथेच आहे."

"मग काय मुळं फुटलीत त्याला?"

"खोलीच्या मधे टेबल, म्हणजे काय, ऑपरेशन थिएटर आहे का?"

"नाही. पण पेशंट आहे."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही तसे कॉमासाहेब जेवण होईपर्यंत अडून बसले. मग स्वतःच उठले आणि एका हाताने टेबल ओढायला लागले. सुईताईंनी दुसरी बाजू धरली. मागून भिंतीवर टेबलाच्या आकाराचा गोरा चौकोन निघाला आणि कधी काळी हरवलेली पेनची टोपणंही निघाली.

रविवारभर सराव चालला. काठी टेबलाला टेकवायची, कारण पेनड्राइव्ह आणि काठी एका हातात मावत नाहीत. पेनड्राइव्ह वरच्या खिशात. उजव्या हाताने टेबलाची कड धरून चालायचं. कोपऱ्यावर जपायचं, तिथे डावा पाय घोटाळतो. स्टूलवर बसल्यावर सुईताईंनी आणखी एक गोष्ट शिकवली. "बघत बसू नका. आधी त्याच हाताच्या करंगळीने भोक चाचपा, मग करंगळी न हलवता लावा." कॉमासाहेबांना ते कधी जमलं, कधी नाही. एकदा येताना कोपऱ्यावर तोल गेला, तेव्हा सुईताईंनी काखेत हात घालून सावरलं.  उद्या खोलीत काखेत हात घालायला कुणी असणार नव्हतं.

सोमवारी शिपाई आला. जुना माणूस, ओळखीचा. लिफाफा कॉमासाहेबांच्या हातात देताना त्याने काठीकडे पाहिलं आणि पटकन दुसरीकडे बघितलं. कॉमासाहेब आत गेले. दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

बाहेरच्या खोलीत शिपाई खुर्चीवर आणि सुईताई दाराला लागून उभ्या. त्यांची दुपारची ड्यूटी होती, पर्स खांद्यालाच होती.

आधी कागद फाटल्याचा आवाज आला.

"एका हाताने सील कसं फोडलं हो त्यांनी?" शिपायाने कौतुकाने विचारलं.

"दातांनी," सुईताई म्हणाल्या. "हात गेला तर गेला, दात चांगले आहेत."

मग खुर्ची सरकली. उजवं पाऊल पडलं, डावं घासलं. उजवं, डावं. सुईताईंना भिंतीतून दिसावं तसं कळत होतं, हे आता कडेला, हे आता कोपऱ्याशी. आणि तिथेच धाडकन काहीतरी पडलं.

सुईताईंचा हात दारावर गेला. कडी जुनी होती. घरातल्या माणसांना ती बाहेरून हलवून काढता येत असे, हे त्यांना माहीत होतं. शिपाई उभा राहिला. "वहिनी," तो अजिजीने म्हणाला, "दार उघडलंत तर मला वर सांगावं लागेल. न सांगून चालायचं नाही."

"अहो, काय पडलं?" सुईताई दाराबाहेरून ओरडल्या.

 मग आतून आवाज आला, "स्टूल."

"आणि तुम्ही?"

"मी, उभा आहे."

"मग आधी ते सांगायचं!"

"तू आधी, काय पडलं, हे विचारलंस."

शिपाई तोंडावर हात धरून हसला. सुईताईंना हसू येईना. हात दारावरून निघेना. कडी एवढीशी हलवली असती तर आत जाऊन स्टूल उचलून देता आलं असतं, पेनड्राइव्हही लावून देता आला असता. दोन मिनिटांचं काम. आणि मग संध्याकाळपासून पुन्हा रस्त्यावरच्या पाट्या.

त्यांनी हात काढून घेतला आणि पर्सचा पट्टा घट्ट धरला.

आत लाकूड जमिनीवर घासलं. म्हणजे स्टूल उचलायचं चाललंय. नाही उचललं. पुन्हा घासलं. मग नुसता श्वास ऐकू आला, मग एक अस्सल शिवी, जी प्रश्नपत्रिकेत कधीही छापली जाणार नाही. शिपायाने ती ऐकली नाही असं दाखवलं. शेवटी स्टूल न उचलताच काहीतरी ठरलं असावं, कारण टेबल किंचित करकरलं. अंगाचा भार टेबलावर देऊन माणूस उभ्यानेच वाकतो, तसं. मग पत्र्यावर नख घासावं तसा बारीक आवाज. थांबला. पुन्हा आला. थांबला.

"उलटा असेल," सुईताई पुटपुटल्या.

"काय?" शिपाई म्हणाला.

"काही नाही."

आणि आतून टुंग झालं. पेनड्राइव्ह लागल्यावर लॅपटॉप वाजतो ते टुंग.

पावलं परत फिरली. कोपऱ्यावर बराच वेळ थांबली, मग निघाली. खुर्ची कुरकुरली. मग एका हाताचं टाइपिंग सुरू झालं. तुटक, मधेमधे थांबणारं.

सुईताईंनी चपला घातल्या. शिपायाला पाण्याची बाटली आणि पंख्याचं बटण दाखवलं, आणि काही पडल्याचा आवाज आला तर आधी माणसाचं विचारा, नंतर सामानाचं, असं बजावलं.

अर्धा जिना उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की काम संपलं की तो पेनड्राइव्ह काढायलाही त्याच वाटेने जावं लागणार, आणि स्टूल अजून जमिनीवर आडवंच आहे. त्या पायरीवर थांबल्या. वरून टाइपिंगचा आवाज येत होता. बसची वेळ झाली होती. त्या उतरल्या.