मोजणीबाईंचा चुकलेला आकडा

माझी थोरली बहीण चौतीस वर्षं वर्तमानपत्रात बातमीदार होती. आधी नगरपालिका, मग राजकारण आणि शेवटी, स्वतः मागून घेतलेलं, शिक्षण. कचेरीत सगळ्यांना वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. मंत्र्यांची दालनं सोडून कोणी शाळेच्या व्हरांड्यात जातं का? ताई गेली आणि खुशीत गेली.

तिला एक खोड होती. स्वतः मोजल्याशिवाय ती आकडा लिहायची नाही. सभेला पन्नास हजार लोक होते असं सांगितलं, की ही खुर्च्यांच्या रांगा मोजत फिरायची. नवे दिवे लावले म्हटलं, की खांब मोजत रस्ताभर चालायची. नेते तिला 'मोजणीबाई' म्हणायचे आणि ती समोर दिसली की घसा खाकरून आकडा खाली आणायचे. मला याची फार गंमत वाटायची. माझ्या शाळेची पाळी आली आणि गंमत संपली.

मी शिकवायचो ती शाळा छोटी. चाळीसपेक्षा कमी मुलं असलेल्या शाळा बंद करायच्या, असं नगरपालिकेनं ठरवलं. आमच्या पटावर त्रेचाळीस होती, पण दोघंचौघं कधी यायची, कधी नाही. ताई मोजायला येणार म्हटल्यावर हेडसर कामाला लागले. त्यांनी शेजारच्या शाळेतून अठरा मुलं दोन तासांपुरती उसनी आणली. त्या दिवशी नेमकी आमची सगळी हजर. मला सगळं माहीत होतं. मी गप्प बसलो. ताईनं बाकाबाकावर जाऊन मोजलं आणि एकसष्ट छापलं.

चार दिवसांनी ती शेजारच्या शाळेत गेली. आमच्याकडे पहिल्या बाकावर मोजलेली, चष्म्याच्या दांडीला चिकटपट्टी लावलेली मुलगी तिथे पाढे म्हणत होती. ताई तिथून तडक माझ्या घरी आली. चहाही घेतला नाही.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तू मला खोटा आकडा लिहू दिलास."

मी हातापाया पडलो. शाळा जाईल, नोकरी जाईल, सगळं सांगून झालं. संपादकही तिला म्हणाले, कोणाची तक्रार नाही, कशाला उकरून काढता? ताईनं ऐकलं नाही. तीन दिवस न कळवता ती आमच्या हजेरीला येऊन उभी राहिली. मग पहिल्या पानावर स्वतःच्या नावानं लिहिलं की माझा आकडा चुकला. मुलं एक्केचाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस अशी भरली. खाली हेही लिहिलं, की त्या शाळेत माझा सख्खा भाऊ शिक्षक आहे आणि उसन्या मुलांचं त्याला ठाऊक होतं.

मी महिनाभर तिच्याशी बोललो नाही. हेडसरांना आणि मला लेखी ताकीद मिळाली. शाळा बंद करायची फाइल मात्र नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनी बैठकीत मिटून ठेवली. "ज्या बाईंनी भावाला सोडलं नाही," ते म्हणाले, "त्यांचे आकडे मी परत मोजणार नाही." शाळा राहिली. त्या संध्याकाळी मी मुकाट्यानं ताईकडे जेवायला गेलो.

बऱ्याच वर्षांनी ताई निवृत्त झाली, तेव्हा तिच्या निरोपसमारंभात मी बोलायला उभा राहिलो. उसन्या मुलांच्या वेळी मी गप्प बसलो होतो, इथूनच सुरुवात केली. पहिल्या रांगेतून ताई म्हणाली, "ते छापून झालंय. पुढचं बोल."

पुढचं एवढंच होतं. मी म्हणालो, "आज आपल्या शाळेत दोनशे सात मुलं आहेत, ताई. सकाळी स्वतः मोजून आलोय."