मेंदूचा देठ

उल्हासनगरात शाळांसाठी प्लास्टरची मॉडेल्स बनवणारा एक सिंधी कारागीर होता. आमच्या अंबरनाथच्या शाळेची सोमवारी तपासणी होती, म्हणून मी, जीवशास्त्राचा शिक्षक, मेंदू आणायला गेलो.

मोठा मेंदू त्याने अर्ध्या तासात गुलाबी रंगवला होता. खालच्या अंगठ्याएवढ्या मस्तिष्कस्तंभाला मात्र दोन दिवस लावले होते.

"बांधून द्या," मी म्हणालो.

"साईं, पहिले भाई बघेल."

आतल्या खोलीत त्याचा थोरला भाऊ खाटेवर होता. मेंदूच्या याच देठात रक्ताची गुठळी अडकल्यापासून डोळ्यांखेरीज त्याचं काही हलत नव्हतं. बुद्धी शाबूत होती. डोळे वर गेले की माल पास, खाली गेले की नापास.

धाकट्याने मॉडेल त्याच्यासमोर सावकाश फिरवलं. देठ समोर येताच डोळे खाली गेले.

"देठ पतला झाला," धाकटा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "भाईने बरोबर पकडलं. गुरुवारी या."

"तपासणी सोमवारी आहे हो," मी कुजबुजलो. "तपासणीच्या साहेबांना काय कळतंय?"

"हळू कशाला बोलता? त्याला सगळं ऐकू येतं. दुकान त्याचं आहे."

सोमवारी निरीक्षक शिस्तीवर तासभर बोलले. मेंदू नसल्याचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

मस्तिष्कस्तंभ मी वर्षानुवर्षं फळ्यावर एका ओळीत उरकत आलो होतो: श्वास, ठोके, गिळणं. गुरुवारी नवा देठ लावलेलं मॉडेल खाटेसमोर फिरत असताना, मी आणि धाकटा, दोघेही श्वास रोखून उभे होतो.

डोळे वर गेले. धाकट्याने रद्दी घेतली आणि मेंदू बांधायला बसला.