उकळलेले पाणी

जळगावहून निघालेली एस.टी. नेरी ओलांडून पुढे गेली आणि खिडकीतून केळीच्या बागा दिसायला लागल्या. मे महिन्यात सगळा माळ करपलेला, आणि मध्येच हा गच्च हिरवा तुकडा. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी नाशिकच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होते. शेतात टाकलेला युरिया पाण्याबरोबर जमिनीत उतरतो, त्याचे नायट्रेट होते आणि ते विहिरीत, नाल्यात, शेवटी नदीत येते. वाघूरच्या खोऱ्यात ते किती येते, हे मला सुट्टीत पाहायचे होते. मांडीवर काचेच्या बाटल्यांचे खोके होते आणि खड्ड्यागणिक माझा जीव वरखाली होत होता.

पहूरला माझ्या सहकारी बाईंचे काका, नाना, बैलगाडी घेऊन आले होते. साठीचे, उंच, कमी बोलणारे. गाव तासाभरावर. वाटेत वाघूरला मिळणारा एक नाला लागला. धार आटलेली, डोह तेवढे उरलेले. त्यांवर हिरवी साय इतकी जाड की बैलांनी हुंगून तोंड फिरवले.

“पहिले इथं मासे धरायचो,” नाना म्हणाले. “आता एक नही दिसत.”

नानांचे घर मळ्यातच होते. पुढे केळीचा उतार, उताराच्या तळाशी विहीर आणि विहिरीला लागून उकिरडा. हे पाहून मी मनात नोंद केली, पण बोलले नाही. आल्या आल्या कोण उकिरड्याचा विषय काढणार? नानांच्या पत्नीने, अक्कांनी, खापरावरचे मांडे आणि आमरस वाढला. आधणाच्या भांड्याशी त्यांची मुलगी सुमन बसली होती. बाळंतपणाला माहेरी आलेली. तिची मुलगी दोन महिन्यांची. सुमनला ताप येऊन दूध आटले, म्हणून पावडरचे दूध चालू होते.

“पोरीले हगवण लागली तवापासून मी पानी लई वेळ उकळते, ताई,” सुमन म्हणाली. “अर्धं आटेपर्यंत.”

“छान करतेस,” मी म्हणाले.

हे वाक्य मी आजही विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर खोके उघडले. नमुन्यात पूड टाकून हलवायचे. पाणी गुलाबी होते. रंग जितका गडद, तितके नायट्रेट जास्त. वरच्या अंगाला, बागायतीच्या बाहेर असलेल्या देवळाच्या विहिरीचे पाणी जेमतेम गुलाबी झाले. नानांच्या विहिरीची बाटली जांभळटावर गेली. माझ्याकडच्या रंग जुळवायच्या पट्टीवर तो रंग नव्हताच. मी नमुन्यात शुद्ध पाणी मिसळून पुन्हा पाहिले. तरी रंग पट्टीबाहेरच.

तेवढ्यात आतून अक्कांचा आवाज आला, “सुमन, पोरीचे ओठ पाह्य बरं. काये (काळे) पडले.”

मी आत धावले. बाळ रडत नव्हते, हीच पहिली भीती. ओठ राखाडी-निळे, नखेही तशीच. अंग मात्र गरम, श्वास चालू. तान्ह्या मुलांच्या रक्तावर नायट्रेट काय करते, हे मी पुस्तकात वाचले होते. रक्तात प्राणवायू धरून ठेवायची ताकद राहत नाही आणि मूल निळे पडते. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट जिथल्या तिथे राहते, पाणी तेवढे आटते. सुमन मायेने रोज त्याचा अर्क काढून लेकीला पाजत होती. आणि मी त्याला छान म्हणाले होते.

चूक असेन तर? हृदयाचा आजार असेल तर? मी डॉक्टर नाही. पण थांबण्यात काय होते, तेही मला माहीत होते.

“नाना, हिला आत्ताच्या आत्ता जळगावला न्यायचं. आणि हे पाणी हिच्या तोंडाला लावायचं नाही.”

“आमच्या विहिरीचं पानी?” नाना बाटलीकडे बघत राहिले. “त्यावर आमी मोठे झालो, ताई.”

“तेव्हा युरिया नव्हता, नाना.”

नाना उठले. पायात वहाणा न घालताच बांधावर गेले. तिथे केळीचे घड भरायला ट्रक आला होता. भरणी अर्धवट टाकून ड्रायव्हरने आम्हाला घेतले. सुमन, मी, नाना, सगळे केबिनमध्ये. बाहेर लू (उष्ण वारा) वाहत होती. सुमन बाळाच्या नाकाशी बोट धरून बसली होती आणि दर मैलाला मला विचारत होती, “चालू हाये ना, ताई?” मी हो म्हणत होते. एकदा मला नक्की कळले नाही, तरी हो म्हणाले.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी रक्त काढले. ते लाल नव्हते. तपकिरी, कोकमाच्या आगळासारखे गडद. मी बाटलीचा रंग सांगितला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि निळ्या औषधाचे इंजेक्शन मागवले. निळ्या पडलेल्या मुलीला निळेच औषध! सुमनने डोळे मिटून घेतले. अर्ध्या-पाऊण तासात ओठांच्या कडा गुलाबी झाल्या. मग बाळ रडले. ते रडणे ऐकून नाना भिंतीला टेकून खाली बसले.

मी गावी परत गेले ती बाटल्यांसाठी. पण तोवर सगळीकडे बातमी पसरली होती. देवळापुढे माणसे जमली, हातात आपापल्या विहिरीच्या पाण्याचे तांबे, कळशा. उताराखालच्या बहुतेक विहिरी गडद निघाल्या. एक तरुण शेतकरी चिडला, “केयीले (केळीला) खत नही टाकायचं तं काय पूजा करायची?”

मला त्याची भीती वाटली. मी सांगितले की खत बंद करू नका. एकदम न ओतता थोडे थोडे द्या, खत दिल्यावर पाटभर पाणी सोडू नका, नाल्याकाठी गवताचा पट्टा राखा, उकिरडा विहिरीपासून हलवा. तान्ह्यांना देवळाच्या विहिरीचे पाणी द्या.

“घड बारीक आला तं?” तो म्हणाला.

उत्तर नानांनी दिले. “येऊ दे. म्या पोरीचं रक्त पाह्यलं हाये.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः उकिरडा उपसायला घेतला. तो चिडलेला शेतकरी दुपारी गाडी घेऊन आला. उपसलेले खत गाडीत भरू लागला.

“विहीर साफ कवा व्हईन?” निघताना नानांनी विचारले. मी खरे सांगितले: आधी टाकलेले अजून मातीतून खाली येतेच आहे. कदाचित कित्येक वर्षे.

नाशिकला परतल्यावर बरेच दिवस मला हिरवे शेत पाहून आनंद होईना. पावसाळ्यानंतर नानांनी एका ओळखीच्या माणसाबरोबर पाणी पाठवले. रंग तसाच गडद. ते कळवायला मला आठवडा लागला. वाटले, वाचून ते सगळे सोडून देतील.

त्यांचे कार्ड आले. अक्षर दिवाळीला माहेरी आलेल्या सुमनचे होते, मजकूर नानांचा: “कळले. गवत कमरेएवढे झाले आहे. पोरगी रांगते. ती मोठी होईपर्यंत आम्ही दर साल पाणी पाठवू. तुम्ही खरे तेच लिहीत जा.”