कविराजांवर निघालेला सिनेमा

माझ्या ताईचा नवरा कवी आहे, हे लग्नाआधी आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलगा सरकारी नोकरीत आहे, निर्व्यसनी आहे, एवढीच चौकशी झाली होती. कविता ही व्यसनात धरायची असते, हे वडिलांच्या ध्यानात आलं नाही.

भावजी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात होते. पहिल्या दोन खिडक्यांवर जन्माचे दाखले मिळत आणि तिसऱ्या खिडकीवर मृत्यूचे. तिसरी खिडकी भावजींची. घरी, गल्लीत, कार्यालयात सगळे त्यांना कविराज म्हणायचे आणि त्यातला टोमणा पंचवीस वर्षांत एकदाही त्यांच्या लक्षात आला नव्हता. भर उन्हाळ्यातसुद्धा गळ्यात मफलर. बोलता बोलता कपाळावरची बट मागे सारायची सवय; बट जाऊन बरीच वर्षं झाली होती, सवय तेवढी राहिली होती. स्वतःच छापून घेतलेला एक कवितासंग्रह होता. त्याच्या उरलेल्या प्रती पलंगाखाली इतक्या दाटीनं रचलेल्या, की ताई म्हणायची, "पलंगाचे पाय मोडले तरी आम्ही पडायचो नाही."

वरिष्ठांनी दोनदा त्यांना जन्माच्या खिडकीवर बसवायचं ठरवलं. दोन्ही वेळा भावजींनी हात जोडले. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "जन्माच्या खिडकीवर माणसं घाईत असतात रे. मृत्यूच्या खिडकीवरचा माणूस ऐकायच्या मनःस्थितीत असतो."

आणि ते खरोखरच ऐकवायचे. वडिलांचा दाखला न्यायला आलेला माणूस अर्ज भरत असतानाच हे विचारायचे, "तुम्हाला मुक्तछंद चालतो का?" बिचारा बधिर झालेला असायचा. हाही अर्जातलाच एखादा रकाना असेल असं वाटून मान हलवायचा. मग भावजी खणातून कागद काढायचे. 'मी गेल्यानंतरचं शहर' ही त्यांची खास कविता, सतरा कडव्यांची. 'मी गेल्यावर हे शहर कुणाच्या चपलांनी चालेल?' अशी तिची सुरुवात. दाखला हातात पडायचा तो सतराव्या कडव्यानंतर.

अशाच एका दुपारी तिशीतली एक मुलगी खिडकीवर आली. तिची आई गेली होती. भावजींनी रिवाजाप्रमाणे विचारलं, तिनं मान हलवली, कविता सुरू झाली. आठव्या कडव्यापाशी मुलीचे खांदे हलायला लागले. अकराव्याला तिनं रुमाल तोंडात कोंबला. सतराव्याला तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. भावजी घरी आले ते जमिनीपासून चार बोटं वरूनच चालत.

"रडली! अक्षरशः रडली!" ते ताईला म्हणाले.

"आई गेलीय ना तिची," ताई म्हणाली.

"तरी पण."

महिन्याभरानं तीच मुलगी पुन्हा खिडकीवर उभी. ती सिनेमे काढायची. म्हणाली, "मला तुमच्यावर एक सिनेमा करायचाय." भावजींनी क्षणभर डोळे मिटले. नंतर त्यांनी मला सांगितलं, की आश्चर्य नाही वाटलं, उशीर झाला एवढंच वाटलं.

पुढचे सहा महिने सिनेमावाली ताईच्या घरी येत-जात होती. भावजी तिला खुर्चीत बसून आपलं बालपण सांगायचे, आपली उपेक्षा सांगायचे, आपल्याला न मिळालेल्या पुरस्कारांची यादी सांगायचे. तासाभरानं ती म्हणायची, "मी जरा वहिनींना मदत करते," आणि स्वयंपाकघरात जायची. तिथून कुजबुज ऐकू यायची, मधेच भांडं पडल्यासारखं हसू. भावजींना वाटायचं, बायकांच्या गप्पा. ताईनं मला कशाचाच थांग लागू दिला नाही.

सिनेमाच्या पहिल्या खेळाला आम्ही सगळे गेलो. लहानसं थिएटर, पण भरलेलं. भावजी पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा, नवा मफलर. खिशात आभाराचं भाषण, चार पानी.

पडद्यावर नोंदणी कार्यालय दिसलं. तिसरी खिडकी दिसली. खिडकीत मफलरवाला नट. त्यानं कपाळावरची नसलेली बट मागे सारली आणि विचारलं, "तुम्हाला मुक्तछंद चालतो का?"

थिएटर हशानं दणाणलं.

भावजींनी मागे वळून रागानं पाहिलं. त्यांना वाटलं, चुकीचे प्रेक्षक आत आलेत.

सिनेमातल्या कवीला कुणी विचारत नाही. मेल्यावर तरी किंमत कळेल म्हणून तो एक दिवस वहीत स्वतःच्याच मृत्यूची नोंद करतो. मग दाढीमिशा चिकटवून स्वतःच्याच शोकसभेला जाऊन मागच्या बाकावर बसतो. सभेला सातजण. पहिला वक्ता सांगतो, गेलेल्या गृहस्थांचं अक्षर फार सुवाच्य होतं. दुसरा म्हणतो, उसनं घेतलेलं पेन ते न चुकता परत करत. तिसरा चुकून भलत्याच शोकसभेत आलेला असतो, तो सगळ्यांत चांगलं बोलतो. कवितेचा कुणी शब्द काढत नाही, तेव्हा हा मागच्या बाकावरून ओरडतो, "अहो, सतरा कडव्यांची ती कविता?" आणि सिनेमातली बायको शांतपणे म्हणते, "ती होय? तिच्यामुळेच गेले असतील."

लोक खुर्च्यांवर लोळत होते. मीही हसत होतो, लपवायचा प्रयत्न करत. मग रुग्णालयाचा प्रसंग आला आणि माझं हसू अर्धवट राहिलं, कारण तो प्रसंग खरा होता.

दोन वर्षांपूर्वी ताईचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं. तिला आत नेल्यावर भावजींनी बाहेरच्या बाकावर कविता लिहिली, 'प्रतीक्षागृहातला एकाकी मी'. तिला खोलीत आणल्याबरोबर, ती भुलीतच असताना, खाटेशेजारी उभं राहून त्यांनी ती वाचायला घेतली. तपासायला डॉक्टर आले, तर एक हात वर करून म्हणाले, "दोनच कडवी राहिलीत." डॉक्टर खरंच थांबले. मी दारात होतो. पण मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मग पडद्यावर हे आलं कुठून?

मी ताईकडे पाहिलं. ती हसत होती. सगळ्या थिएटरात तिच्याइतकं कुणी हसत नव्हतं. भावजीही तिच्याकडेच बघत होते.

भाषण खिशातच राहिलं. सिनेमावाली जवळ आली, तेव्हा भावजी म्हणाले, "त्या दिवशी खिडकीवर तू रडली होतीस."

"हसत होते," ती हळूच म्हणाली. "आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. मला वाटलं होतं, आता हसायला येणारच नाही. तुमचे उपकार आहेत माझ्यावर."

असले उपकार कुणाला हवे असतात! भावजी घरी आले आणि चार दिवस रजा टाकून भिंतीकडे तोंड करून झोपून राहिले. तिकडे वरिष्ठांनी सिनेमा पाहिला, त्यांची पाचावर धारण बसली. त्यांनी पाच वर्षांच्या नोंदवह्या मागवून, भावजी खरंच हयात आहेत ना, हे तपासून घेतलं. गल्लीतल्या शिंप्यानं ताईला विचारलं, "कविराज असतात ना अजून?"

पाचव्या दिवशी भावजी दुपारच्या खेळाला एकटेच गेले. मफलर न घालता. सहाव्या दिवशी पुन्हा गेले. सातव्या दिवशी सकाळी मी ताईकडे होतो. चहा घेता घेता भावजी एकदम म्हणाले, "काल मी एका ठिकाणी हसलो."

"कुठे?" ताईनं विचारलं.

"डॉक्टरला थांबवतो तिथे." मग म्हणाले, "तू त्या वेळी भुलीत होतीस ना?"

"पाचव्या कडव्याला जाग आली."

"मग डोळे का उघडले नाहीस?"

"उघडले असते तर तुम्ही पहिल्यापासून सुरू केलं असतंत."

मी चहाचा कप तोंडाला लावून बसलो. भावजींनी विचारलं, "दुखत होतं का फार?"

या प्रश्नाला दोन वर्षं उशीर झाला होता. पण ताईनं उत्तर दिलं. "दुखत होतं. त्याहून भीती वाटत होती. जाग आली तेव्हा डोळे न उघडताच तुमचा हात चाचपडला मी. मग किलकिल्या डोळ्यांनी पाहिलं, तर एका हातात कागद, दुसरा हवेत हलतोय. म्हटलं, असू दे, माणूस कामात आहे."

ती हसत हसतच सांगत होती. पण भावजींनी कप खाली ठेवला आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. ताईनं मला खुणेनं सांगितलं, जाऊ नकोस मागे.

आता यानंतर माणूस सुधारला, साधुसंत झाला, असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. सिनेमा तीन आठवडे चालला आणि त्याचा एक परिणाम असा झाला, की खिडकीवर लोक भावजींना बघायला येऊ लागले. काहीजण मुद्दाम म्हणत, "ती चपलांची कविता होऊन जाऊ द्या." सुरुवातीला ते चिडायचे. मग ऐकवायला लागले. मुद्दाम हसायला आलेल्यांना ऐकवताना ते स्वतःही एखाद्या कडव्याला मिशीतल्या मिशीत हसत. पण ज्याच्या हातात खरा अर्ज असे, त्याला मात्र ते आता आधी दाखला देत. एकदा मी समोरच होतो. एका म्हाताऱ्या बाईंना त्यांनी विचारलं, "तुमचे कोण होते?" बाई म्हणाल्या, "भाऊ." आणि मग त्या पाऊण तास भावाबद्दल बोलत राहिल्या. भावजी ऐकत होते. दोनदा त्यांचा हात खणाकडे गेला, दोनदा त्यांनी तो मागे घेतला. मी मोजत होतो. मागची रांग दारापर्यंत गेली होती. म्हणजे रांगेच्या दृष्टीनं फरक काहीच पडला नव्हता.

गेल्या महिन्यात ताईकडे गेलो, तर भावजी खुर्चीत अवघडून बसलेले. हातात एकच कागद.

"नवी आहे," ताई मला म्हणाली. "सकाळपासून घेऊन बसलेत. वाचू का म्हणून विचारतात आणि मी हो म्हणायच्या आतच नको म्हणतात."

"कशावर आहे?" मी विचारलं.

"रुग्णालयातल्या हातावर," भावजी म्हणाले.

"म्हणजे पुन्हा तुमच्यावरच," मी म्हणालो.

"हो रे, सुटत नाही ते," ते ओशाळून म्हणाले. "पण या खेपेला तीही आहे त्यात."

"किती कडवी?" ताईनं विचारलं.

"आठ ओळी."

"आठ कडवी?"

"आठ ओळी. सगळ्या मिळून."

ताईनं हातातली भाजीची सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि समोरची खुर्ची ओढून बसली. "वाचा," ती म्हणाली. "आणि सावकाश वाचा. एवढ्यात संपलं तर मला कळायचं नाही."