तपासलेली फुलं

तळोज्याच्या प्रयोगशाळेत जुनेरा दिवसभर लोकांच्या दागिन्यांना घाम पाजायची. घाम खोटा, पाण्यात मीठ, युरिया आणि लॅक्टिक आम्ल घालून तिनंच बनवलेला. त्यात बांगडी, साखळी, कानातलं आठवडाभर बुडवून ठेवायचं आणि धातूतून निकेल किती सुटलं ते मोजायचं. निकेल जास्त सुटलं की कातडी खाजते, चिघळते, म्हणून हा सगळा खटाटोप.

पहिल्या पगारात तिनं अम्मीसाठी, गुलबानूसाठी, कानातली सोनेरी मुलाम्याची फुलं घेतली. पनवेलच्या बाजारात, घाईघाईत. थळला घरी आल्यावर अम्मीच्या कानात घालताना ऐटीत म्हणाली, "तपासलेली हायेत अम्मी, माझ्या हातची." कसली तपासलेली! दुकानदारानं पुडीत बांधून दिली तशी उचलून आणलेली. पण नवी नोकरी, पोरीचा तोरा. एवढ्याशा थापेचं काय मोठं?

अम्मीनं ती खरी धरली.

चार वर्षं गेली. गेल्या महिन्यात गुलबानू दुपारची ओटीवर तांदूळ निवडत बसली होती, तिथंच तिचं हृदय बंद पडलं. मय्यतीला गुसल, शेवटची आंघोळ, द्यायला बायकांबरोबर जुनेराही बसली. खालानं, अम्मीच्या बहिणीनं, ओढणी बाजूला केली आणि म्हणाली, "फुलं काढ बाय."

फुलं निघेनात. पाळीला चिकटली होती. जुनेरानं कोमट पाण्यानं भिजवून हळूहळू सोडवली, तेव्हा खालचा कान दिसला. काळवंडलेला, जाड झालेला, भोकाभोवती खपली आणि खपलीखाली ओल. असले कान तिनं कामाच्या पुस्तकात कितीदा पाहिले होते. दर रविवारी समोर जेवायला बसणाऱ्या आईचा नव्हता पाहिला. अम्मीची ओढणी कानावरून कधी सरकली नाही, आणि हिनं ती कधी सरकवली नाही.

तिसऱ्या दिवशी येसूबाई आली. ती सुकी मासळी विकायची. गुलबानूशी तिचा वीस वर्षांचा घरोबा.

"किती सांगलं मी तिला, कानातलं काढ, त्याचाच तरास हाय," येसूबाई डोळे पुसत म्हणाली. "ऐकल तर शपथ. म्हनं, माझ्या जुनेरानं तपासल्यान, त्यांनी काय व्हनार न्हाय. मासलीच बाधत असंल. दोन वरसं सोडे न्हाय, सुकट न्हाय. माझ्या टोपलीजवल बसायची नि नुसता वास घ्यायची."

अम्मीला सोडे जिवापाड आवडायचे. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं जुनेराला वाटलं.

रजा संपल्यावर तिनं फुलं प्रयोगशाळेत नेली. तपासणीच्या औषधाचा एक थेंब लावला असता तरी निकेलचा गुलाबी रंग लगेच दिसला असता. पण तिनं पुरती चाचणी लावली. नमुना आधी साबणाच्या पाण्यात धुवायचा असतो. दांडीवरची वाळलेली खपली धुताना तिचा हात थांबला. मग तिनं धुतली. सात दिवस फुलं त्या खोट्या घामात पडून राहिली.

निकेल मर्यादेच्या नऊपट निघालं. तक्त्याच्या खाली ‘तपासणी करणार’ असा रकाना असतो. तिथं तिनं आपलं नाव लिहिलं. फुलं आता तपासलेली होती.