प्रयोंगमावशीचं वाक्य

सुरिन या थाई प्रांतातल्या त्या गावापासून कंबोडियाची सीमा पाच-सात कोसांवर. तिथे कुणाचं काय दुखतंय हे प्रयोंगमावशीला त्याच्या घरच्यांच्या आधी कळायचं. एकवीस वर्षं ती गावची आरोग्य स्वयंसेविका होती. रांजणात डासांच्या अळ्या बघायच्या, म्हाताऱ्यांचं प्रेशर मोजायचं आणि मोजता मोजता सुनेच्या कागाळ्या, जावयाची दारू सगळं ऐकून घ्यायचं. माणसं बोलतात म्हणून रोग सापडतो, असं ती नव्या बायांना ऐटीत सांगायची. आणि ते खरंच होतं.

कटकट एकच होती. जिल्ह्याच्या कचेरीला पुरावा लागे. घरभेट झाली की फोटो नाहीतर छोटा व्हिडिओ फोनवरच्या गटात टाकायचा. टाकला नाही तर भेट झालीच नाही, असं धरत. गटात गावप्रमुखापासून दुकानदारणीपर्यंत दीडशे माणसं. मावशी महिन्याला पन्नासेक व्हिडिओ टाकायची आणि त्यातला एकही परत बघायची नाही.

मग सीमेवर तोफा सुरू झाल्या. गाव दहा दिवस लांबच्या शाळेत जाऊन राहिलं आणि परत आलं ते जीभ बदलून. घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या ख्मेर, म्हणजे पलीकडचीच भाषा बोलणारी माणसं, पण आता दुकानात मुद्दाम मोठ्याने थाई बोलायला लागली. मावशीची धाकटी बहीण पलीकडे दिलेली. पूर्वी बाजाराच्या दिवशी ती नाका ओलांडून यायची आणि मधुमेहाच्या गोळ्या घेऊन जायची. त्या गोळ्या द्यायची मो रत्तिकान. ती आरोग्य केंद्रातली नर्स, पण गावात नर्सलाही 'मो', म्हणजे डॉक्टरच म्हणतात. थाई सरकारच्या मोफत उपचाराचं कार्ड नसलेल्या बाईला ती कुठून कुठून गोळ्या जमवून द्यायची आणि वर दटावायची, "गोड कॉफी प्यायलीस ना, तर नाक्यापर्यंत मागे धावत येईन." नाका बंद झाला आणि गोळ्याही बंद झाल्या.

एका सकाळी मो आणि मावशी प्लुअनआजोबांकडे गेल्या. आजोबा ऐंशीचे, बोलणं कमी, त्यामुळे ते बहिरे आहेत असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं. मो त्यांच्या दंडाला पट्टा बांधत होती. मावशीने फोन काढला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "बहिणीचे पाय सुजलेत म्हणे. ही लढाई कुणासाठी चाललीय गं? वरच्यांच्या तोऱ्यासाठीच ना?"

एवढं बोलून तिने बटण दाबलं.

"वरच्यांच्या तोऱ्यासाठी चाललंय सगळं," मो म्हणाली. "आपली नाहीच ही लढाई. मरतात ती दोन्हीकडची आपलीच माणसं. आजोबा, हात सैल सोडा."

सोळा सेकंदांचा व्हिडिओ. मावशीने तो नेहमीसारखा गटात टाकला आणि पुढच्या घरचे रांजण बघायला गेली.

दुपारपर्यंत तो गटाबाहेर पडून जिल्हाभर फिरला. गावप्रमुख दुकानासमोर उभा राहून ओरडत होता, "पगार सरकारचा, दवाखाना सरकारचा, आणि जीभ शत्रूची? माझा भाचा तिकडे खंदकात बसलाय."

"पगार सरकार देतं म्हणून तोंडपण सरकारचं का?" दुकानदारीण म्हणाली. "माझी पोर अडली तेव्हा रात्रभर मोच बसली होती."

"मग तूपण तेच म्हणतेस, असं लिहू का गटात?" त्याने विचारलं. दुकानदारीण अंडी मोजायला लागली.

तिसऱ्या दिवशी कचेरीतून साहेब आले. केंद्रात मो एका बाजूला बसली होती, मावशी समोर. साहेब माणूस वाईट नव्हता, त्याने सरळच विचारलं, "मावशी, व्हिडिओ तुम्ही काढलात. हिने विषय आपणहून काढला, की आधी कुणी काही बोललं होतं?"

कुणी विचारलं म्हणून बोललेलं वेगळं आणि आपणहून बोललेलं वेगळं, हे मावशीला चांगलं कळत होतं. त्या एका उत्तरावर मो रत्तिकानची नोकरी गावात राहणार होती. पण बहीण पलीकडे, आई पलीकडची. तोंड उघडलं की गाव आपल्याला हेर ठरवणार, हेही तिला कळत होतं. मोने तिच्याकडे एकदा बघितलं आणि नजर औषधांच्या कपाटाकडे वळवली. तिने स्वतःहून मावशीचं नाव घेतलं नव्हतं, आताही घेतलं नाही.

"माझं लक्ष फोनमध्ये होतं, साहेब," मावशी म्हणाली. "आधी कुणी काही बोललं नाही."

हे खोटं किती सहज निघालं याचीच तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

मो रत्तिकानची बदली लांबच्या प्रांतात झाली, कागद लावण्याच्या कामावर. जाताना तिने मावशीच्या हातात रोग्यांची यादी दिली. "प्लुअनआजोबांना आठवड्याला बघत जा. त्यांचं प्रेशर फसवं आहे," एवढंच म्हणाली. एक शिवी दिली असती तर मावशीला बरं वाटलं असतं.

आता केंद्रात आठवड्यातून दोनदा दुसरी नर्स येते. आणि मावशी दारात दिसली की माणसं गप्प होतात. कसं आहे विचारलं की बरं आहे म्हणतात, फोनकडे बघत. कोपऱ्यावरच्या बाईने छातीतली गाठ तीन महिने सांगितली नाही. का नाही सांगितलं म्हणून मावशी रागावली तर ती म्हणाली, "तुम्हाला काही सांगायचं म्हणजे विचार करावा लागतो."  

त्या दिवशी तिने फोन घरी ठेवला आणि प्लुअनआजोबांकडे गेली. पट्टा काढला, पण बांधला नाही. त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "आजोबा, त्या दिवशी लढाईचं मी बोलले होते. आधी मी बोलले."

"ओरडू नकोस. ऐकू येतं मला," आजोबा म्हणाले. "तेव्हाही आलं होतं."

मावशीने पट्टा खाली ठेवला. "मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"मला कुणी विचारलं नाही गं," आजोबा म्हणाले. "तुला विचारलं होतं."

आणि पट्टा बांधायला त्यांनी हात पुढे केला.